काचेतला समुद्र आणि डोक्यावरचा दिवा



दिवाणखान्यात माशांची टाकी असणे ही आता काही नवलाई राहिलेली नाही. राजारामपुरीत जा, ताराबाई पार्कात जा, नाहीतर शिवाजी पेठेतल्या जुन्या वाड्यात डोकवा. दोन-चार घरांमागे एका घरी गोल्डफिश नाहीतर गप्पी सुळसुळताना दिसतातच. पण अलीकडे मुलांच्या डोक्यात वेगळेच खूळ शिरते. त्यांना गोड्या पाण्यातले मासे नकोत, समुद्र हवा! खारे पाणी, त्यात नारिंगी पट्ट्यांचे मासे, आणि खडकांवर फुलासारखी उमललेली रंगीबेरंगी पोवळी. २००३ साली ‘निमो’चा सिनेमा आला तेव्हापासून तर या हट्टाला बाळसेच धरले आहे.

मग चौकशी सुरू होते आणि पहिल्याच फेरीत एक शब्द कानावर येतो : ‘मेटल हॅलाइड’. पोवळ्यांना म्हणे हाच दिवा लागतो. कुणी आपला वापरलेला दिवा निम्म्या किमतीत देऊ करतो. कुणी कारखान्याच्या शेडमधून उतरवलेला दिवा घरी घेऊन येतो आणि “फुकटात काम झालं” म्हणून खूश होतो. मंडळी हौस करून मोकळी होतात. पण विजेचे बिल भरायचे कुणी, दुपारी पाणी तापले की धावाधाव करायची कुणी, आणि सगळे आपापल्या कामाला गेल्यावर टाकीकडे बघायचे कुणी? आपणच, नाही का? तेव्हा पैसे मोजण्याआधी हा दिव्याचा विषय आपण नीट समजून घेऊ या.

दिवा नव्हे, जेवण

गोड्या पाण्याच्या टाकीवर आपण दिवा लावतो तो बहुतेक शोभेसाठी. मासे नीट दिसावेत, एवढीच अपेक्षा. दिवा दोन दिवस बंद राहिला तरी माशांचे काही अडत नाही. पोवळ्यांचे तसे नाही. पोवळे, म्हणजे प्रवाळ, हा प्राणी आहे. पण त्याच्या अंगात डोळ्यांना न दिसणारे एकपेशीय शैवाल राहते. झाडाची पाने उन्हात अन्न तयार करतात, तसेच हे शैवाल उजेडात अन्न तयार करते आणि त्यातला मोठा वाटा यजमान प्रवाळाला देते. प्रवाळ त्याला राहायला जागा देतो. अशी ही दोघांची भागीदारी आहे. उजेड कमी पडला तर शैवाल उपाशी आणि पर्यायाने प्रवाळही उपाशी. उजेड किंवा उष्णता सोसवेनाशी झाली तर प्रवाळ त्या शैवालाला अंगाबाहेर टाकतो आणि स्वतः पांढराफटक पडतो. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ असे पांढरे पडल्याची नोंद राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या शास्त्रज्ञांनी केलेली आहे. तिथे तर सूर्य डोक्यावर आणि अख्खा समुद्र भोवती आहे. मग आपल्या चार फुटी टाकीत चूक व्हायला कितीसा वेळ?

इथे एक गंमत सांगते. आपल्या अंगठीत किंवा माळेत जे तांबडे पोवळे असते ना, ते या मंडळींपैकी नव्हे. ते भूमध्य समुद्रातले. कपारीत, अंधूक जागी वाढते आणि त्याच्या अंगात शैवाल नसते. त्याला उजेडाचे अन्न लागतच नाही. तेव्हा ‘पोवळे’ एवढा एकच शब्द ऐकून दिवा घेऊ नका. नाव एक असले तरी भूक वेगळी असते.

म्हणजे दिवा कोणता घ्यायचा हा दुसरा प्रश्न झाला. टाकीत राहणार कोण, हा पहिला.

आधी कायदा, मग करंट

आता जे सांगणार आहे ते दुकानात बहुधा कुणी सांगत नाही. आपल्या देशात १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. २००१ साली खडक बांधणारे सगळे प्रवाळ, काळे प्रवाळ आणि समुद्रपंखे या कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत घातले गेले. पहिली अनुसूची म्हणजे ज्या यादीत वाघ आहे तीच यादी, बरं का! आपल्या समुद्रातून असा प्रवाळ काढणे, विकणे, विकत घेणे आणि घरात बाळगणे हा गुन्हा आहे. शिक्षा ३ वर्षांपासून ७ वर्षांपर्यंत कैद, शिवाय दंड. जिवंतच कशाला, शोभेच्या कपाटात ठेवलेला वाळका, पांढरा तुकडासुद्धा यातून सुटत नाही. टाकीत ठेवायला ‘जिवंत खडक’ म्हणून जो दगड विकतात, तोही पुष्कळदा प्रवाळाचा सांगाडाच असतो.

“हा माल बाहेरच्या देशातला आहे, काही होत नाही,” असे उत्तर मिळेल. पण कठीण प्रवाळांच्या देशोदेशीच्या व्यापारावर ‘साइट्स’ नावाचा आंतरराष्ट्रीय करार लागू आहे, आणि भारत १९७६ पासून त्यात सामील आहे. परवान्याशिवाय ते आणता येत नाहीत. तेव्हा दुकानदाराकडे आयातीचा परवाना आणि नोंदणीचे कागद मागा. साध्या कागदावर लिहिलेली पावती म्हणजे परवाना नव्हे. शंका असेल तर कोल्हापुरात वन विभागाचे कार्यालय आहेच. तिथे जाऊन विचारण्यात कमीपणा नाही. सोने घेताना आपण हॉलमार्क बघतो, जमीन घेताना सात-बारा बघतो, मग इथेच का गप्प बसायचे?

आता तुम्ही म्हणाल, मुलाचा हट्ट मग मोडायचाच का? मुळीच नाही. समुद्राची टाकी नुसत्या माशांचीही होऊ शकते, आणि छान होते. नारिंगी पट्ट्यांच्या क्लाऊनफिशची पैदास आपल्याकडे बंदिस्त टाक्यांत होते. कोचीच्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने ती साधली आहे. असे टाकीत जन्मलेले मासे मागून घ्या. ते टाकीला सरावलेले असतात, खाणेही पटकन घेतात, आणि त्यांच्यासाठी कुणी समुद्र ओरबाडलेला नसतो. सिनेमात निमोचे घर समुद्रफुलात दाखवले आहे म्हणून मुले त्याचाही आग्रह धरतील. पण क्लाऊनफिशला टाकीत समुद्रफुलाची गरज नसते. उलट समुद्रफुलाच्या अंगातही तेच उजेडखाऊ शैवाल असते. म्हणजे पुन्हा मोठा दिवा आलाच. पहिल्या वर्षी तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

नुसत्या माशांच्या चार फुटी टाकीला ३०-४० वॉटचा एलईडी दिवा दिवसातून सहा ते आठ तास लावला की पुष्कळ झाले. तिथे हॅलाइड लावणे म्हणजे दोन माणसांच्या भातासाठी लग्नातले पातेले चुलीवर चढवण्यासारखे आहे.

हा हॅलाइड आहे तरी कसा?

हा दिवा आपण सगळ्यांनी पाहिलेला आहे, फक्त नाव माहीत नसते. मैदानावरच्या उंच खांबांवर, पेट्रोल पंपावर, शिरोली किंवा गोकुळ शिरगावच्या कारखान्यांतल्या उंच छपराखाली जे डोळे दिपवणारे पांढरे दिवे असत, त्यांत हे पुष्कळ होते. आत क्वार्ट्झची लहानशी नळी असते. तिच्यात पारा आणि धातूंचे क्षार असतात. विजेची ठिणगी पडली की हे सगळे तापून वायू होते आणि प्रखर उजेड पडतो. दिवा नुसता होल्डरला लावून चालत नाही. सोबत चोक, म्हणजे बॅलास्ट, आणि ठिणगी पाडणारा इग्नायटर लागतो.

त्याचे गुणही सांगायला हवेत. एका लहान बिंदूतून येणारा उजेड असल्यामुळे तो उन्हासारखा सरळ खोलवर पोचतो, आणि पाणी हलले की तळाच्या वाळूवर सोनेरी जाळी नाचते. ही झिलमिल ट्यूबलाइटमध्ये मिळत नाही. जुने शौकीन या दिव्यासाठी जीव टाकतात ते उगीच नव्हे.

तुमच्या टाकीत सगळ्या कागदपत्रांसह आलेले, उजेडाला भुकेले जीव असतीलच, तर निवड करताना तीन गोष्टी बघायच्या.

पहिली गोष्ट खोली. टाकीची उंची दीड फुटापर्यंत असेल तर १५० वॉटचा दिवा पुरतो. दोन फुटांपर्यंत २५० वॉट. ४०० वॉटचा दिवा दोन फुटांहून खोल टाकीसाठीच. लांबीच्या हिशेबाने साधारण दर दोन फुटांना एक दिवा धरतात, म्हणजे चार फुटी टाकीला दोन झाले.

दुसरी गोष्ट रंग. दिव्याच्या खोक्यावर ६५००, १०,०००, १४,०००, २०,००० असे आकडे असतात आणि पुढे ‘के’ लिहिलेले असते. हा ‘के’ म्हणजे केल्व्हिन. ओतकामाच्या भट्टीत लोखंड आधी तांबडे दिसते, मग पिवळे, मग पांढरे. तीच ही शिडी. घरातला पिवळा बल्ब २७०० के, भर दुपारचा उजेड साधारण ५५०० ते ६५०० के, आणि त्याच्या वर गेले की उजेड निळसर होत जातो. आकडा मोठा म्हणजे दिवा जास्त ताकदीचा, असा मात्र याचा अर्थ नाही. समुद्राचे पाणी तांबडा रंग आधी गिळते, निळा खोलवर जातो. म्हणून निळसर दिव्याखाली पोवळ्यांचे रंग खुलून दिसतात. पण तेवढ्याच वॉटचा २०,००० के चा दिवा १०,००० के च्या मानाने शैवालाला सहसा कमी अन्न देतो. डोळ्यांना सुख आणि जिवाला पोषण या दोन्हींचा मेळ १०,००० ते १४,००० के मध्ये बसतो.

तिसरी गोष्ट अंतर. दिवा पाण्यापासून आठ ते बारा इंच वर टांगतात. आपल्या अंबाबाईचा किरणोत्सव आठवा. मावळतीची किरणे पहिल्या दिवशी देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी मध्यभागावर आणि तिसऱ्या दिवशी मुखापर्यंत पोचतात. वाटेत नुसती धूळ किंवा ढगाचा पडदा आला तरी किरणे वाटेतच थबकतात, आणि जमलेली सगळी मंडळी हळहळतात. टाकीचेही असेच आहे. दिवा कितीही मोठा घ्या, झाकणाच्या काचेवर मिठाचा पांढरा थर साचला असेल तर उजेड खाली उतरत नाही. ती काच आठवड्यातून एकदा, दिवा पूर्ण गार झाल्यावर, ओल्या फडक्याने पुसा. हे काम पाच मिनिटांचे आहे, आणि नवा बल्ब आणण्यापेक्षा कितीतरी स्वस्त.

बिलाचा हिशेब

आता डायरी आणि पेन्सिल घ्या. चार फुटी टाकीवर २५० वॉटचे दोन दिवे म्हणजे ५०० वॉट. चोक स्वतःही वीज खातो, म्हणून ५६० धरा. रोज आठ तास चालले तर सुमारे साडेचार युनिट. महिन्याचे १३५. तुमच्या घराचे महिन्याला ९० युनिट होत असतील, तर ते थेट २२५ वर गेले! महावितरणच्या घरगुती दरात १०० युनिटांच्या वर गेले की पुढच्या युनिटांचा भाव चढतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नकोच.

एवढ्यावर भागत नाही. प्रवाळांना पाणी साधारण २४ ते २७ अंशांत लागते. कोल्हापूरचा एप्रिल-मे कसा असतो ते आपण जाणतोच. दुपारी घरातली हवाच ३२-३३ अंशांवर जाते. त्यात हा दिवा पाण्यावर शेगडीसारखा तापत राहतो. मग पाणी गार करणारे यंत्र, म्हणजे चिलर, आणावे लागते. ते ३०० वॉटचे धरले आणि दिवसाकाठी आठ तास चालले, तर महिन्याला आणखी ७२ युनिट. बेरीज करा : ९० अधिक १३५ अधिक ७२, म्हणजे २९७. तीनशेची रेषा उंबऱ्याशी आली, आणि ती ओलांडली की पुढचा चढा भाव.

शिवाय हे बल्ब फुटेपर्यंत वापरायचे नसतात. नऊ महिने ते वर्षभरात त्यांचा रंग बदलत जातो. आपल्या डोळ्यांना दिवा तसाच लख्ख दिसतो, पण पोवळ्यांना लागणारा भाग कमी होतो आणि नको असलेले हिरवे-तपकिरी शेवाळ माजते. म्हणजे दर वर्षी दोन बल्बांचा खर्च ठरलेला.

एलईडीचे तेच काम साधारण २०० वॉटमध्ये होते. महिन्याचे ४८ युनिट. त्याची उष्णता पाण्यावर कमी पडते, उजेड कमी-जास्त करता येतो आणि वर्षाला बल्ब बदलावे लागत नाहीत. पहिली खरेदी महाग वाटेल, पण महिन्याला ८७ युनिटांचा फरक आहे. तुमच्या बिलावरचा दर घेऊन त्याला बाराने गुणून पाहा. म्हणूनच जगभरच्या शौकिनांनी हॅलाइड उतरवून एलईडी चढवले आहेत आणि हॅलाइडचे बल्ब मिळणेही अवघड होत चालले आहे.

वापरलेला हॅलाइड स्वस्तात मिळतो तो यामुळेच. ज्याला बिल परवडेना तो तुम्हाला दिवा देतो आणि बिलही देतो! स्वस्त म्हैस घेताना ती दिवसाला किती पेंड खाते हे आपण विचारतो ना? तसेच इथेही विचारा.

शेडमधला दिवा टाकीवर नको

कारखान्यातून काढलेल्या दिव्याविषयी वेगळे सांगायला हवे, कारण आपल्या गावात उद्यमनगरपासून शिरोलीपर्यंत कारखाने, आणि घरोघरी हुशार हात. शेडमधला दिवा बहुधा ४०० वॉटचा, आणि त्याचा रंग ४००० के च्या आसपास, पिवळसर असतो. तो कामगारांना काम नीट दिसावे म्हणून बनवलेला. त्याच्या उजेडात पोवळी फिकी आणि मळकट दिसतात आणि शेवाळाला मात्र मेजवानी. तो पंचवीस-तीस फुटांवर टांगायचा असतो, पाण्यापासून वीतभर अंतरावर नव्हे. त्याची पेटी खाऱ्या दमटपणासाठी केलेली नसते. मिठाने पत्रा आणि जोड गंजतात. आणि २५० वॉटचा बल्ब ४०० वॉटच्या चोकवर लावून ‘जुळवून घेणे’ तर मुळीच नको. चोक आणि बल्ब एकाच मापाचे आणि एकमेकांसाठीच बनवलेले हवेत.

दिवा घरात असेलच तर

काही घरांत हा दिवा आधीच आला असेल. त्यांनी या गोष्टी स्वयंपाकघरातल्या गॅसच्या नियमांसारख्या पाठ कराव्यात.

१. दोन्ही टोकांनी बसणाऱ्या बल्बपुढे काच असलीच पाहिजे. त्यातून अतिनील किरणे निघतात. ती पोवळ्यांना भाजतात आणि आपल्या डोळ्यांनाही वाईट. काच तडकली असेल तर नवी बसेपर्यंत दिवा बंद.

२. बल्बच्या क्वार्ट्झला उघड्या हाताने शिवू नका. बोटाचे तेल लागले की तेवढी जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो. स्वच्छ सुती फडक्याने धरा.

३. तापलेल्या बल्बवर पाण्याचा शिंतोडा उडाला तर तो फुटू शकतो. आत पारा असतो. फुटला तर मुलांना दुसऱ्या खोलीत पाठवा, खिडक्या उघडा, आणि केरसुणीने न झाडता पुठ्ठ्याने तुकडे गोळा करून बंद डब्यात भरा. नेहमीच्या कचऱ्यात टाकू नका.

४. इग्नायटर दिवा पेटवताना हजारो व्होल्टचा झटका देतो, आणि खाली खारे पाणी आहे. अर्थिंग तपासून घ्या. झटका बसण्याआधी वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे उपकरण वायरमनकडून बसवून घ्या. दिव्याला स्वतंत्र पॉइंट द्या. एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर दिवा, पंप आणि टीव्ही नको.

५. प्रत्येक वायर प्लगच्या खाली झोळीसारखी लोंबू द्या, म्हणजे वायरवरून ओघळलेले पाणी प्लगमध्ये न शिरता खालीच ठिबकेल.

६. दिवा टांगायचा तर स्लॅबमधल्या पक्क्या कडीला, पाळणा टांगावा तसा. पीओपीच्या छताला नव्हे.

७. वीज गेली आणि लगेच आली तर हा दिवा लगेच पेटत नाही. गार व्हायला त्याला दहा-पंधरा मिनिटे लागतात. पावसाळ्यात वीज ये-जा करत असते, तेव्हा “बिघडला” म्हणून बटण खाली-वर करत बसू नका. शांतपणे थांबा.

८. रोज ठरावीक वेळी दिवा लागावा-विझावा म्हणून टायमर बसवा. आठ तास पुरे. दुपारच्या उन्हाच्या वेळी न लावता संध्याकाळकडे सरकवला तर पाणी कमी तापते आणि घरची सगळी मंडळी असताना टाकी बघायलाही मिळते.

९. नवा बल्ब लावल्यावर पहिल्याच दिवशी आठ तास नको. तीन-चार तासांपासून सुरू करून दोन आठवड्यांत हळूहळू वाढवा. श्रावणभर ढगाखाली राहिलेल्या माणसाला एकदम वैशाखाच्या उन्हात उभे केले तर काय होईल?

आणि एक रोजचे काम. दिव्याने आणि पंख्याने टाकीतले पाणी उडते, मीठ मात्र मागेच राहते. आमटी आटली की खारट होते ना, अगदी तसेच. अशा वेळी आपण आमटीत पुन्हा मीठ घालत नाही, पाणी घालतो. टाकीतही तूट भरताना मिठाचे पाणी नव्हे, आरओचे गोडे पाणी घाला. काचेवर पेनाने पातळीची रेघ ओढून ठेवली तर घरातले कुणीही हे काम करू शकेल. आणि ‘कुणीही’ म्हणजे दर वेळी तुम्हीच, असे होऊ देऊ नका. ज्याचा हट्ट त्याचे काम, हे टाकी येण्याआधीच ठरवून घ्या.

शेवटी एक सुचवणे

टाकी घेण्याआधी मुलांना एकदा खरा समुद्र दाखवा. आपल्याला तो काही लांब नाही. गगनबावड्याचा नाहीतर फोंड्याचा घाट उतरले की मालवण. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या भोवतालचा समुद्र १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे, आणि प्रवाळ तिथे आपल्याच महाराष्ट्राच्या पाण्यात वाढतो. पावसाळा सोडून, परवाना असलेल्या नावाड्याबरोबर जावे, काचेचा चष्मा लावून पाण्यात तोंड घालून बघावे. एकच अट : प्रवाळाला हात लावायचा नाही, त्यावर पाय ठेवायचा नाही आणि आठवण म्हणून तुकडा आणायचा नाही. त्या एका इंचाच्या वाढीला कित्येकदा वर्ष नाहीतर अनेक वर्षे लागतात, हे मुलांना तिथेच सांगावे. वरून पडणारा सूर्यप्रकाश कसा तळापर्यंत उतरतो, तो कुठे कमी पडतो, कोण उजेडात राहतो आणि कोण कपारीत, हे एकदा डोळ्यांनी पाहिले की दिव्याच्या खोक्यावरचे आकडे आपोआप समजू लागतात.

तिथून परत आल्यावरही मुलाची हौस टिकली, तर ती खरी समजा. मग तीन फुटी टाकी, टाकीतच जन्मलेले दोन क्लाऊनफिश, कारखान्यात बनवलेले कृत्रिम खडक आणि साधा एलईडी, एवढ्यावर सुरुवात करा. वर्षभर त्याने पाण्याची पातळी, मीठ आणि तापमान वहीत लिहून दाखवले, तर पुढचे पाऊल टाकायला तो तयार झाला म्हणायचे. तोवर मोठ्या दिव्याचे पैसे पोस्टात राहू देत. दिवा केव्हाही आणता येईल. पण त्याच्याखाली जगणाऱ्या जिवाची जबाबदारी एकदा घेतली की ती रविवारीही असते, सणावारीही असते आणि आपण चार दिवस माहेरी गेलो तरी घरी असतेच.

पुढच्या आठवड्यात : पावसाळ्याआधी घरातल्या विजेच्या जोडण्या कशा तपासून घ्याव्यात.